भुकेची सरासरी

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर रोज जवळपास ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते अशी ती कामे होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. तिथल्या गावांसकट अख्खा मराठवाडा सलग नापिकीने खंगला होता. कामावर सुकडी वाटली जायची आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लालसर मिलो ज्वारी मिळायची. त्या पिढीतली माणसे बहात्तरचा दुष्काळ आजही मिलोच्या भाकरीवरूनच सांगतात.

दुष्काळात भूक मोजावी लागत नाही, ती रांगेत उभी असते. प्रश्न असतो तो साध्यासुध्या वर्षाचा. पाऊस बरा झाला, ज्वारी घरात आली, रोजंदारी मिळाली, तरी अर्धपोटी राहणारी माणसे किती? १९७१ च्या जानेवारीत, म्हणजे दुष्काळाच्या तोंडावरच, पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या दोघांनी त्याचे उत्तर आकड्यांत मांडले होते. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, अशी त्यांची रेघ होती. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात त्यासाठी वर्षाला दरडोई सुमारे १७० रुपये आणि शहरात सुमारे २७१ रुपये लागत. या हिशेबाने खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले निम्मे लोक रेघेखाली गेले. देशभर खळबळ उडाली. ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द सरकारी कागदांतून चावडीवर पोहोचायला तिथून फार वर्षे लागली नाहीत.

याच सुमारास रोममधली दोन दशकांची नोकरी आटोपून एक संख्याशास्त्रज्ञ पुण्यात परतला होता. त्याला ही रेघ मुळातच चुकीच्या जागी ओढलेली वाटत होती.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी झाला. १९३२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तो काळ त्या कॉलेजातल्या दोन घराण्यांच्या भांडणाचा होता. एका मजल्यावर रोनाल्ड फिशर, दुसऱ्यावर एगॉन पिअर्सन आणि जर्झी नेमन. वैर इतके, की दोन्ही गटांच्या चहाच्या वेळासुद्धा वेगळ्या. सुखात्मे मात्र दोन्हींकडे वावरले. नेमन यांच्या नमुना निवडीच्या सिद्धांतावर त्यांनी १९३५ मध्ये लिहिले, आणि १९३८ मध्ये फिशर यांच्या एका वादग्रस्त कसोटीसाठी किचकट कोष्टके आकडेमोड करून तयार केली. १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. या पदव्या घेऊन ते भारतात स्थिरावायला निघाले.

त्यांच्याविषयीची एक आठवण नेहमी सांगितली जाते. नोकरीच्या शोधात ते पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले. पंडितजींनी सरळ विचारले, या तुमच्या विद्येचा गरीब देशाला उपयोग काय? तरुण सुखात्मेंकडे पटेलसे उत्तर नव्हते. पुढची पन्नास-साठ वर्षे त्यांनी जे विषय निवडले ते पाहिले, तर हा प्रश्न त्यांनी चांगलाच मनावर घेतला असे दिसते. कोलकात्याच्या अखिल भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेत काही काळ जीवसंख्याशास्त्र शिकवून १९४० मध्ये ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले.

तिथला त्यांचा पहिला मोठा झगडा शेतात झाला. एखाद्या जिल्ह्यात गहू किती पिकला हे तेव्हा आणेवारीवरून, म्हणजे पाटील-तलाठ्याच्या नजरेवरून ठरत असे. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावे आणि शेते निवडायची, ठरावीक तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून, मळून, तोलायचे, ही पद्धत सुखात्मेंनी देशभर बसवायला घेतली. तुकडा केवढा असावा यावर मात्र प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांची जुंपली. महालनोबिस यांचा कल काही फूट त्रिज्येच्या लहान वर्तुळाकडे होता. काम झटपट होते आणि पुष्कळ शेते पाहता येतात, हा त्यांचा मुद्दा. सुखात्मेंनी मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांत लहान-मोठे तुकडे शेजारी-शेजारी कापून पाहिले. तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगलेला निघाला.

कारण अगदी साधे होते. दोरीच्या अगदी कडेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड. ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद तुकड्यात ५४४ चौरस फुटांना ९९ फूट कड येते, म्हणजे दर चौरस फुटामागे पाचवा हिस्सासुद्धा नाही. कड कमी तशी लबाडीही कमी, मग ती लबाडी अजाणता का होईना. हा तुकडा आपल्या मापाने बरोबर अर्धा गुंठा भरतो. आज पीकविम्यासाठी मंडळामंडळांत पीक कापणी प्रयोग होतात. जालना जिल्ह्यातला सोयाबीनवाला शेतकरी तलाठी आणि कृषी सहायकाच्या शेजारी उभा राहून ते डोळ्यांत तेल घालून पाहतो. तिथे अनेक पिकांना लावला जाणारा १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन म्हणजे हाच अर्धा गुंठा, फक्त मेट्रिक मापातला.

१९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आपले बिऱ्हाड वॉशिंग्टनहून रोमला हलवले. त्याच सुमारास सुखात्मे तिच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९५४ मध्ये त्यांचे नमुना पाहणीवरचे पुस्तक आले आणि ते अनेक देशांच्या शेतकी खात्यांत पाठ्यपुस्तक म्हणून गेले. पण रोममधल्या टेबलावरचा खरा प्रश्न होता, जगात उपाशी किती? संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी १९५० मध्ये लिहिले होते की दोन-तृतीयांश मानवजात भूक आणि कुपोषणात जन्म काढते. हा आकडा सभांमधून आणि अग्रलेखांतून गाजला, पण त्याच्यामागचा हिशेब कुणालाच नीट दाखवता येत नव्हता. कॉलिन क्लार्क आणि एम. के. बेनेट या अर्थतज्ज्ञांनी तो जाहीरपणे फाडला.

परिस्थिती नाजूक होती. बंगालच्या दुष्काळात मदतकार्य सांभाळलेले बिनय रंजन सेन आता संघटनेचे महासंचालक होते आणि १९६० मध्ये त्यांनी भूकमुक्तीची जागतिक मोहीम सुरू केली होती. मोहिमेला मोठा आकडा हवा असतो. सुखात्मेंनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे जो निबंध वाचला, त्याने आकडा खाली आणला. पोट न भरणारे, म्हणजे कॅलरीच कमी पडणारे, जगात १० ते १५ टक्के. पोट भरूनही आहार निकस असलेले धरले, तर एक-तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या. १९६३ च्या तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीने हीच मांडणी उचलली.

त्यांनी नेमके केले काय? आधीचे लोक एखाद्या देशातले एकूण धान्य भागिले माणसे करून सरासरी काढत आणि ती गरजेशी ताडून अख्खा देश उपाशी किंवा तृप्त ठरवत. सुखात्मे म्हणाले, सरासरी हवीच, पण तिच्याभोवतीचा पसारा त्याहून महत्त्वाचा. घरोघर खाणे वेगळे आणि माणसागणिक गरज वेगळी. हे दोन पसारे एकमेकांवर ठेवा, मग खालच्या टोकाला किती माणसे नक्की अडकतात ते मोजा. भुकेच्या प्रश्नात संभाव्यतेचे गणित असे आले.

साठच्या दशकात जगाला प्रथिनांनी झपाटले होते. गरीब देशांतल्या पोरांना कॅलरीपेक्षा प्रथिने कमी पडतात, तेव्हा मासळीची पूड द्या, दूध भुकटी द्या, प्रथिनयुक्त बिस्किटे काढा, असा सूर होता. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवालच काढला. सुखात्मेंनी भारतीय घरांतल्या आहाराचे आकडे तपासून १९७० मध्ये उलट सांगितले. ज्वारी-तूर, गहू-हरभरा असे खाणारे घर पोटभर जेवत असेल तर त्याची प्रथिने बहुधा भागतात, आणि जिथे प्रथिने कमी तिथे मुळात जेवणच कमी असते. आधी भाकरी पुरेशी द्या, असा त्याचा अर्थ. हैदराबादचे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन याच मताकडे वळत होते. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनांची गरज खाली आणली आणि १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या सगळ्या प्रकरणाचा पार पंचनामा केला. सुखात्मे दुसऱ्यांदा बरोबर ठरले होते.

१९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुण्यात परतल्यावर महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, जीवमापन आणि पोषण असा विभाग घेऊन ते कामाला बसले. साठी ओलांडलेल्या या माणसाचा सगळ्यात मोठा वाद अजून व्हायचाच होता.

१९७८ पासून सुखात्मेंनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये लिहून दांडेकर-रथ यांच्या रेघेला हात घातला. त्यांचा पहिला मुद्दा बिनतोड होता. शंभर धडधाकट माणसे घ्या. त्यांची सरासरी गरज २,२५० कॅलरी असेल, तर कुणाला १,९०० पुरतात, कुणाला २,६०० लागतात. प्रत्येक जण स्वतःच्या गरजेइतके पोटभर जेवला, तरी निम्मे २,२५० च्या खालीच दिसणार. म्हणजे सरासरीवर रेघ ओढली, की निरोगी गावातही अर्धे लोक उपाशी ठरतात. मग रेघ कुठे ओढायची? गरजेतली तफावत सरासरीच्या सुमारे १५ टक्के धरली, तर तिची दुप्पट ६७५ कॅलरी होते. ती २,२५० मधून वजा केली की १,५७५ उरतात. याच्याखाली जो गेला तो नक्की अर्धपोटी. रेघ एवढी उतरली की उपाशी माणसांची संख्या अर्ध्याहूनही खाली येऊ शकते.

दुसरा मुद्दा अधिक धाडसी होता. कॅलिफोर्नियातले डॉक्टर शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर सुखात्मेंनी मांडले की ही तफावत माणसामाणसांतली तर आहेच, पण एकाच माणसाच्या आत त्याहून जास्त आहे. ब्रिटिश लष्करातल्या जवानांच्या रोजच्या खाण्याच्या आणि श्रमाच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. तोच जवान, तेच वजन, तेच काम, तरी त्याचे खाणे आठवड्या-आठवड्याला हेलकावे खात होते. शरीर आपला खर्च काही मर्यादेत स्वतःच जुळवून घेते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मिळाले तर ऊर्जा उधळते, कमी मिळाले तर काटकसरीने वापरते. या पट्ट्याच्या आत कमी खाणारा माणूस कमी पोसलेला नसतो. म्हणून नुसते धान्य वाढवू नका, असे त्यांचे सांगणे होते. स्वच्छ पाणी द्या, जुलाब-जंत आटोक्यात आणा, नाहीतर पोटात गेलेले अंगी लागणार कसे?

 १९८१ च्या जुलैत दांडेकरांचे उत्तर छापून आले आणि ऑगस्टमध्ये सुखात्मेंचे प्रत्युत्तर. ही फेरी १९८२ च्या अखेरपर्यंत चालली. दांडेकर स्वतः कोलकात्यात संख्याशास्त्र शिकलेले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञाला गणित दाखवून गप्प बसवावे असा हा सामना नव्हता. त्यांनी आणि इतर टीकाकारांनी घाव घातला तो नेमक्या सांध्यावर. राष्ट्रीय नमुना पाहणी एका माणसाचा एक दिवस मोजत नाही, अख्ख्या कुटुंबाचा महिना मोजते. पाच-सहा माणसे आणि तीस दिवस मिळवले की आज कमी, उद्या जास्त हा खेळ बराच विरून जातो. शिवाय हेलकावा खरा असेल तर तो वर-खाली दोन्हीकडे हवा. शेतमजुराचे ताट वर्षानुवर्षे खालच्याच टोकाला असते आणि सावकाराचे वरच्या, याला योगायोग कसे म्हणायचे? लष्कराच्या भोजनगृहात हवे तेवढे वाढून घेणारा जवान आणि मिळेल तेवढ्यावर भागवणारी खुरपणीवाली बाई यांचा पसारा एकाच सूत्रात बसतो का?

दोघांनाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती. हा नुसता शास्त्रार्थ नव्हता. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृती गटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरींची रेघ ठरवली होती. ती उतरली असती तर गरिबांची संख्या, तिच्यामागचा निधी आणि रेशनचा वाटा, सगळेच उतरले असते. दांडेकरांना तर आकड्यांचे राजकारण पुढे मराठवाड्यासाठीही हाताळायचे होते. १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या त्यांच्याच समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला आणि ‘अनुशेष’ हा शब्द जालना-बीड-परभणीच्या प्रत्येक मोर्चात जाऊन बसला.

वादाला सर्वांत बोचरे वळण मिळाले ते सुखात्मेंनीच १९८२ मध्ये संपादित केलेल्या एका पुस्तकात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी त्यात लिहिले की गरीब देशांतली पुष्कळशी खुजी मुले ‘लहान पण निरोगी’ असतात. कमी अन्नाला जुळवून घेऊन शरीर आखूड राहते, बाकी त्याचे काही बिघडत नाही. गोपालन यांनी १९८३ मध्ये याचा समाचार घेतला. खुजेपण निरोगी असेल तर ते फक्त गरिबांच्याच वाट्याला का, श्रीमंतांना का नको? शरीर जुळवून घेते हे खरे, पण त्याची किंमत मोजते. उंची खुंटते, कष्टाची ताकद घटते, खुज्या आईला कमी वजनाचे मूल होते. प्रथिनांच्या प्रश्नावर एका बाजूला असलेले दोन जाणकार इथे समोरासमोर उभे राहिले.

सुखात्मेंचे बळ आणि त्यांची अडचण एकाच जागी होती. आयुष्यभर त्यांनी लोकांना सरासरीभोवतीचा पसारा पाहायला शिकवले. पण पसारा का पडला, हे गणित सांगत नाही. गव्हाच्या शेतात ते कडेवरच्या रोपापर्यंत वाकून गेले होते आणि कापणाऱ्याच्या हातात त्यांना कारण सापडले होते. कॅलरींच्या आकड्यांत कमी खाणारे शरीर मजेत आहे की मन मारून, हे दिसायला आकड्यांपलीकडे शरीरच पाहावे लागणार होते.

ते काम पुण्याजवळच्या गावांत झाले, आणि त्यात सुखात्मेंच्या विभागाचाही हात होता. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या आहाराच्या नोंदी आणि विश्लेषण हे आघारकर संस्थेतल्या जीवमापन व पोषण विभागाच्या शोभा राव यांचे काम. शेतात राबणाऱ्या या बायका दिवसाला साधारण १,८०० कॅलरी खात. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो, साउथॅम्प्टनची बाळे होती ३.५ किलोची. कॅलरी किंवा प्रथिने यांच्याशी बाळाच्या आकाराचा म्हणावा तसा संबंध लागला नाही. तो लागला पालेभाजी, फळे आणि दूध आईच्या खाण्यात किती वेळा येते याच्याशी. भूक नुसत्या कॅलरींत मोजू नका, या सुखात्मेंच्या सांगण्याला हा आधार होता. पण त्याच बाळांना बारकाईने मोजले तेव्हा दुसरे काही दिसले. स्नायू आणि पोटातले अवयव रोडावलेले, चरबी मात्र त्या मानाने टिकून. अशी बाळे मोठेपणी मधुमेहाच्या वाटेवर लवकर लागतात असे याज्ञिकांचे पुढचे संशोधन सांगते. ‘लहान’ होतीच, ‘निरोगी’ या शब्दाला मात्र या बाळांनी साथ दिली नाही. सुखात्मे २८ जानेवारी १९९७ रोजी गेले. हे निष्कर्ष छापून यायला त्यानंतर काही वर्षे लागली.

धोरणाचा काटाही हळूहळू ताटावरून अंगाकडे सरकला. २००२ मध्ये औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी जालन्यासह मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांत बालकुपोषणाविरुद्ध मोहीम उघडली. अंगणवाडीतले प्रत्येक मूल तोलायचे आणि घसरलेल्या मुलाकडे अंगणवाडी सेविका आणि आरोग्य खात्याने मिळून लक्ष द्यायचे, हा तिचा कणा होता. त्यातूनच २००५ मध्ये राज्याचे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. काम संपलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली.

सुखात्मेंची १९६१ ची पद्धत, पुढे पुष्कळ दुरुस्त झालेली, अन्न व कृषी संघटना आजही वापरते. २०२५ च्या अहवालात तिने २०२४ मधल्या उपाशी माणसांची संख्या ६७ कोटी ३० लाख दिली, म्हणजे जगातले ८.२ टक्के लोक. जागतिक भूक निर्देशांकाच्या चार घटकांपैकी एक घटक या पद्धतीचा आहे. उरलेले तीन म्हणजे मुलांचे खुजेपण, त्यांची रोड अंगकाठी आणि बालमृत्यू. दरवर्षी यादी आली की भारताच्या क्रमांकावरून गदारोळ होतो. केंद्र सरकारने मुलांच्या मोजमापांवरून अख्ख्या देशाची भूक ठरवण्यावर आक्षेप घेतला आहे आणि उपाशी माणसांचा आकडा काढण्याच्या रीतीवरही. पहिला आक्षेप ऐकला की गोपालन समोर येतात आणि दुसरा ऐकला की दांडेकर. सुखात्मेंचे सूत्र मात्र दोन्ही वेळा टेबलावरच असते.